ज्वारीतला ग्लव्ज

बिशान, सिंगापूर
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आयु. रत्नास,
मीराताईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

सगळ्यांत आधी आला तो रूपेश. चारला या म्हटलं होतं, तर हा सव्वातीनलाच दारात उभा, हातात हे एवढं पपनस. मी तेव्हा केस धुऊन पंख्याखाली बसलेली. जहाजावर इंजीनवाला आहे, घड्याळ कळत नाही असं नाही, पण भूक त्याच्याहून जास्त कळते. चपला काढायच्या आधी विचारतो, आजी, पाटवड्या केल्या का. केल्या होत्या. माझी सून एकता, तिने एकटीने रस्सा केला, मी नुसती तिखट घाल, तिखट घाल करत होते. मग संकेत आला. आपल्या शामकांत मास्तरांचा धाकटा, इथे कुठल्याशा प्रयोगशाळेत पाणी तपासतो. दिवसभर पाणी पाहतो आणि पाणीच कमी पितो, ओठ बघ त्याचे. सगळ्यांत शेवटी अनुजा. आठवते ना, भीमाच्या पोरींच्या टीममधली कॅचर, दोन वेण्यांची? ती जानेवारीपासून इथे शिकायला आहे. वेण्या गेल्या, केस मानेवर. ती रश्श्यात भाकरी बुडवून तशीच बसून राहिली.

तिघेही आपल्या अंबाडखेडचे आणि तिघेही भीमाच्या हाताखाली बेसबॉल खेळलेले. परक्या देशात माझ्या भावाचे तीन विद्यार्थी माझ्या घरी जेवतात, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. प्रफुल्लला जुरोंग आयलंडला रविवारची पाळी होती, नाहीतर त्यानेही मामाच्या गोष्टी ऐकल्या असत्या. तन्वीने मात्र ऐकल्या. तिला खरंच वाटेना की आपल्या गावात बेसबॉल होता. मी सांगितलं, तुझा मामाआजोबा अमरावतीहून पहिल्यांदा तो चामड्याचा ग्लव्ज घालूनच एसटीतून उतरला, तर माझी आई रडायलाच लागली, पोराचा हात सुजला म्हणून. मग सांगितलं, सामना असला की पानवाला दुकान बंद करायचा आणि विहाराच्या ओट्यावर बायका जागा धरायच्या. चेंडू भीमाच्या हातातून सुटला की आधी आवाज यायचा आणि मग दिसायचा. तन्वी म्हणाली, आजी, दॅट ऑल्सो कॅन मेह. म्हणजे असं कुठे असतं का, असं. असतं म्हटलं.

पत्र काहून लिहिते म्हणशील, फोन आहे ना. फोनवर उल्हास असतो, सूनबाई असते, मागे टीव्ही असतो, आणि तू नुसती हो हो करतेस. साक्षरता वर्गात भीमानेच मला हात धरून बसवलं होतं, तेव्हा लेकुरवाळी होते मी. त्याच्या कृपेने चार अक्षरं येतात, ती तुला नाही लिहायची तर कुणाला. वर आयुष्मती लिहिलं ना, तेव्हा बरं वाटलं. आपल्यात सौ. नसतं, म्हणून माझा हात अडला नाही.

पोरं येण्याचं कारण असं. अकरा ऑक्टोबरला भीमाचा पहिला स्मृतिदिन. संकेत सुट्टी काढून गावाला येणार आहे. समितीवाल्यांनी त्याला कळवलं की सरांचा ग्लव्ज काचेच्या पेटीत ठेवून शाळेत लावायचा आहे, आणि त्या दिवशी तू स्टेजवर दोन शब्द बोलावंस. पण तू उल्हासला सांगितलंस म्हणे, ग्लव्ज हरवला. रत्ना, हरवला कसा? तो तर

बरं, राहू दे. आमच्याकडे कालपासून चिनी लोकांचा भुतांचा महिना लागला आहे. खाली डब्यात कागद जाळतात, सगळा धूर बाल्कनीतून घरात. एकताचे कपडे परत धुवावे लागले.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावर जीव आहे तेवढा असू दे, जास्त झाला तर विमानात वजन होतं.

तुझी,
मीराताई

———

अंबाडखेड, जि. अमरावती
४ सप्टेंबर २०२५

ती. मीराताईंना,
रत्नाचा आदरपूर्वक जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. उल्हास घरी नव्हता, म्हणून सावकाश वाचता आलं. मुलं आली, जेवली, वाचून बरं वाटलं. अनुजाला माझा आशीर्वाद सांगा.

ताई, ग्लव्ज हरवला नाही. कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी यांना सांगितलं, आता चेंडू फेकायचा नाही, हृदय झेपणार नाही. त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ग्लव्ज लपव, ग्लव्ज नसला की मैदानावर जाणार नाही. कुठे लपवू विचारलं तर म्हणालात, ज्वारीच्या कोठीत खाली घाल, पुरुषमाणूस तिथे कशाला बघतो. मी घातला. तुमचं नाव मी कुठे घेतलेलं नाही आणि घेणार नाही.

पण ते दोन महिने मी विसरू शकत नाही. यांनी एकदाही विचारलं नाही, माझा ग्लव्ज कुठे आहे. तीस वर्षं उशाशी घेऊन झोपलेला माणूस. दळण आणणं, माळ्यावरचं काढून देणं, सगळं नेहमीसारखं, त्याबद्दल मात्र एक शब्द नाही. ओरडले असते तर मी काढून दिला असता. मनात राग धरला, बोलले नाहीत, आणि अकरा तारखेला तसेच मैदानावर गेले. मोकळ्या हाताने खेळले. अकरा चेंडू टाकले आणि पाणी मागितलं, एवढंच मला कळलं. आंघोळ घालताना पाहिलं, डावा तळहात निळा पडला होता. परत आलेले चेंडू त्यांनी त्या हाताने झेलले होते.

आता जे लिहिते ते प्रफुल्लला सांगू नका. दिवस मावळला की विहाराच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटतो. ठप्प. मग थोडा वेळ काही नाही, चेंडू हातात परत यायला लागतो तेवढा. मग परत ठप्प. मी मोजले. अकरा होतात आणि थांबतात. उल्हासला ऐकू येत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं आपलं घर, यांनी जन्मभर गावाला सांगितलं भूत नसतं, आणि त्यांच्याच बायकोने हे कुणाला सांगायचं? ते ग्लव्ज शोधतात ताई. दुसरं काय असणार?

मी स्टेजवर बसणार नाही. काय बोलू, मी त्यांचा हात उघडा केला म्हणून? ऑक्टोबरच्या दहा तारखेला, स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, मी तो ग्लव्ज चुलीत घालणार आहे. काचेत ठेवून रोज बघायची माझी हिंमत नाही.

तन्वीला गोड पापा. चुकलं असेल तर पोटात घाला.

आपली,
रत्ना

———

बिशान
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आयु. रत्नास,
अनेक आशीर्वाद, जयभीम. वि. वि.

तुझं पत्र लिफ्टसमोर उभं राहून वाचलं. तीनदा लिफ्ट आली आणि गेली. शेजारची लिम आजी बाजारातून आली, तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला दाराशी आणून सोडलं. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, पण तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. बहुतेक घरून वाईट बातमी आली समजली.

आधी परवाची फजिती सांगते. शनिवारी खाली मैदानात तंबू ठोकला होता, स्टेज, लाल-निळे दिवे, नाचगाणी. आपल्याकडे जत्रेत असतं तसं, फक्त बाया जास्त चमकणाऱ्या. इथे सात वाजले तरी उजेड असतो, म्हणून मी तन्वीला घेऊन गेले. पाहते तर पहिली सगळी रांग रिकामी. लाल खुर्च्या, एकसुद्धा माणूस नाही, आणि मागे मात्र लोक उभे. मी मनात म्हटलं, किती भिडस्त लोक आहेत बाप्पा. आणि बसले जाऊन मधोमध. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. का ठेवली, मला सांगता येत नाही. भीमाच्या सामन्याला मी नेहमी शेजारची जागा धरायचे, आपला डाव झाला की तो पाणी प्यायला येऊन बसायचा. हाताला सवय.

तन्वी लांबूनच हात हलवते, आजी, कॅनॉट ला, कॅनॉट. मग लिम आजी धावत आली आणि माझं मनगट धरून मला उठवलं. घरी आल्यावर एकताने सांगितलं, ती रांग मेलेल्यांची असते. या महिन्यात ते घरी येतात, त्यांना बसायला समोरची जागा ठेवतात. मी आधी खूप हसले. प्रफुल्ल पण हसला. म्हणाला, आई, तुला फुकट तिकीट मिळत होतं.

पण रत्ना, तुला खरं सांगते. लिम आजीने मला उठवलं तेव्हा पिशवी त्या खुर्चीवरच होती आणि ती उचलायला माझा हात जाईना. कुणी बसलेलं असताना त्याच्या मांडीवरून ओढून घ्यावी तसं वाटलं. शेवटी लिम आजीने उचलली. तिनेही उचलण्याआधी मान लववली.

म्हणून मी तुला हसणार नाही आणि रागावणारही नाही. भूत नसतं, हे भीमाने शिकवलं. माझी पोर छाया आजारी होती तेव्हा मी दाराला लिंबू-मिरची बांधली, तर त्याने ती तोडून माझ्याच समोर लिंबाचं सरबत केलं आणि मला प्यायला लावलं. ते सगळं खरं. पण तुला ऐकू येतं तर येतं. मी तिथे नाही, मी कोण नाही म्हणणार.

मी सांगितलं होतं, हे मला आठवतं. पहिल्या पत्रात ते लिहायला गेले आणि माझी लेखणी पळाली. वर्षभर पळतेच आहे. इथे बसून पाटवड्या करते, पोरांना हसवते, आणि तू तिथे एकटी भिंतीचे आवाज मोजतेस. लपव मी म्हटलं. जागा मी सांगितली. तू नुसते हात लावलेस. तुझ्याहून बारा वर्षांनी मोठी आहे, तर दोष घ्यायला पहिला नंबर माझा.

जाळू नको. दहा तारखेपर्यंत थांब एवढं माझं ऐक. काय करणार ते मला अजून माहीत नाही, पण काहीतरी करते.

पत्र पोचल्याचं लगेच लिही. माझी माया तुझ्या उशाशी आहे समज.

मीराताई

———

अंबाडखेड
२४ सप्टेंबर २०२५

ती. मीराताईंना जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही दोष वाटून घेतलात म्हणून माझा कमी होत नाही, पण वाचून रडू आलं, बऱ्याच दिवसांनी.

काल घरी कुणी नव्हतं, म्हणून कोठी उघडली. हे गेल्यापासून मी तिला हात लावलेला नाही, उल्हास दुकानातून पीठ आणतो. तळापर्यंत हात घातला. ताई, मी ग्लव्ज नुसताच टाकला होता, घाईत, कशात न गुंडाळता. तो आता यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला आहे. घड्या घालून, वर सुतळीची गाठ. चामड्याला जवसाचं तेल लावलेलं आहे, बनियनवर त्याचे डाग आहेत. हे मी केलेलं नाही. उल्हासने केलेलं नाही, त्याला जागाच माहीत नाही.

मी तो तसाच परत टाकला आणि झाकण लावून वर पाटा ठेवला. रात्री जेवले नाही.

परवा भिंतीमागेही जाऊन आले. चेंडू आपटत असताना गेले, वळून पाहते तर कुणी नाही. भिंत गार होती.

आता सांगा, कसं थांबू? आले आहेत ते. तेलही लावून गेले, म्हणजे त्यांना तो हवा आहे. दहा तारीख कायम आहे. जाळला की त्यांच्याकडे पोचेल, तुमच्या तिकडे कागद जाळतात तसा. असं लिहिते याची लाज वाटते.

तुमची,
रत्ना

———

बिशान
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आयु. रत्नास,
खूप खूप आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

आज अनुजा सगळ्यांत आधी आली, रूपेशच्याही आधी. रूपेशला ते फार लागलं, जेवताना दोनदा बोलून दाखवलं. हे पत्र संकेतच्या हाती देते आहे. तो उद्या विमानात बसेल आणि परवा तुझ्या दारात असेल. त्याला आधी चहा दे, मग पत्र वाच. नाही, आधी पत्र वाच.

आज मी पोरांना सगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, तुमच्या सरांचा ग्लव्ज हरवलेला नाही, तो मी लपवायला लावला. कोठीत घाल असं मी सांगितलं, म्हणून ते उघड्या हाताने खेळले आणि रुसून गेले, आणि रत्ना वर्षभर त्या रुसव्याखाली आहे. एकता स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. संकेत जमिनीकडे पाहत होता. रूपेशने ताट खाली ठेवलं, त्यात पाटवडी होती तरी. मला वाटलं, आता ही पोरं उठून जातील. जावं त्यांनी, असंही वाटलं.

अनुजा रडायला लागली. रडता रडता तिचं एकच, आजी, सरांना माहीत होतं.

नीट वाच, रत्ना. त्या दिवशी ती सुट्टीला गावी आलेली होती आणि भीमाचे चेंडू तीच झेलत होती. तिने त्याला विचारलं, सर, ग्लव्ज कुठे. तो हसला म्हणे. म्हणाला, आमच्या घरातल्या दोन बायकांनी, एकीने फोनवरून, कोठीत लपवलाय. घरातलं दळण कोण काढतं हे दोघीही विसरल्या.

आपण दोघी विसरलो व माय. जन्मभर ज्वारी काढून सायकलवर डबा बांधून चक्कीवर नेणारा माणूस तो, आणि आपण त्याच्याच कोठीत लपवायला गेलो. पहिल्याच रविवारी त्याच्या हाताला लागला असणार. अनुजा सांगते, त्याने तिथेच राहू दिला. ज्वारीने चामडं कोरडं पडतं म्हणून दळणाच्या दिवशी काढायचा, तेल लावायचा, बनियनमध्ये गुंडाळून परत तळाशी ठेवायचा. अनुजा म्हणाली, मग घेऊन या ना सर, हाताला लागतं. तर म्हणाला, ग्लव्ज घरात आहे म्हणजे मीही घरात आहे, असं समजून ती दुपारची झोपते. झोपू दे. आणि तू बोलू नकोस हं, त्यांना कळलं की मला कळलंय, तर पुन्हा दुसरीकडे लपवतील आणि माझ्याच्याने शोधणं होणार नाही.

अनुजाने शब्द पाळला. तिला कुठे माहीत होतं की तू इकडे त्या न बोलण्याचं काय करून बसली आहेस. ती मला पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी आधी सांगायला हवं होतं. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. ते छोटे केस पण छान दिसतात तिला.

तर असं आहे. तेल त्याने लावलं, पण मेल्यावर नाही. तळहात निळा पडला तो त्याने स्वतः पडू दिला, तुझी दुपारची झोप मोडू नये म्हणून. रागाने गप्प नव्हता. आपल्याला हसत होता, आणि हसू बाहेर पडेल म्हणून तोंड मिटून होता. त्याचं लहानपणापासून तसंच. आईने गूळ लपवला की ह्याला जागा माहीत असायची आणि हा साळसूद.

मी नाही हे अजून नीट सोसू शकत. आनंदही होतो आणि उठून भिंतीवर डोकं आपटावं असंही वाटतं. आपण लपवला नसता तर? तर ग्लव्ज घालून खेळला असता आणि तेव्हाही गेलाच असता, असं प्रफुल्ल म्हणतो. डॉक्टर म्हणाले तेच. खेळल्याशिवाय राहणारा तो नव्हता. मी ते ऐकून घेते. तू पण ऐकून घे.

आता चेंडूचं. ते मला विचारू नको, मला माहीत नाही. ग्लव्ज शोधायला तर तो येत नाही, त्याला जागा आपल्याआधी ठाऊक होती. मग कशाला येतो? लिम आजीला मी खुणेने विचारलं होतं, ती रांगेतली माणसं महिना संपल्यावर कुठे जातात. तिने हात वर करून हलवला, कुणास ठाऊक, असा. कुणास ठाऊक, रत्ना. अकरा झाले की थांबतो म्हणतेस. तू मोजतेस ते मात्र मला आवडतं. एवढे दिवस भिऊन मोजलं असशील, आता नुसतं मोज.

ग्लव्ज तुझा आहे. काचेत ठेव, उशाशी घे, अनुजाला पाठव. जाळायचा तर जाळ, मी अडवणार नाही. पण रुसून गेलेल्या माणसाचा म्हणून जाळू नको. तो रुसलेला नव्हता. स्टेजवर जा नाहीतर जाऊ नको, पण गेलीस तर दळणाचं सांग. सगळं गाव हसेल. हसू दे, त्याला आवडायचं.

उल्हासला आणि सूनबाईला आशीर्वाद. माझ्यावर रागव पाहिजे तितकी, पण लिहीत जा, आणि लिहिशील तोवर मला तुझीच समज.

तुझी,
मीराताई

ता. क. — संकेतला मी बजावलं आहे की तुला काही विचारायचं नाही. तू दहा तारखेला काय केलंस ते नुसतं बघून यायचं. मीही फोन करणार नाही. तो रविवारी सकाळी उतरेल आणि विमानतळावरून बॅग घेऊन थेट इकडेच येईल. रूपेशचं जहाज तोवर बंदरातच आहे. अनुजा म्हणाली, या वेळी पाटवड्या ती करणार. जाताना तिघेही लिफ्टपाशी बराच वेळ उभे होते, मी पण. परत येतो म्हणालेत, बारा तारखेला, रविवारी, चार वाजता.